जागेवरून हलायचं नाही

"काका, जरा उठता का? तुमच्या डोक्यावरची ट्यूब बदलायचीय."

वायरमनने विचारलं ते अगदी अदबीने. खांद्यावर शिडी, काखेत नवी ट्यूब, आणि समोर दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्च्यांची अख्खी रांग. उठून दोन पावलं सरकायचं, एवढंच काम. पण मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं, "नाही उठणार." हे आपणच बोललो की शेजारचं कुणी, म्हणून त्याने मान वळवून पाहिलं. शेजारी कुणीच नव्हतं. आता, ज्या माणसाने जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, त्याने सुरुवात करावी ती बिचाऱ्या वायरमनपासून, म्हणजे कमालच झाली. त्याला मिस्त्री म्हणायचे तेच मुळी त्यासाठी. बॅटिंग कोसळली, बोलवा मिस्त्रीला. बोलर दमले, समोरची जोडी फुटत नाही, बोलवा मिस्त्रीला. दुपारभर बोलिंग टाकून आलेला माणूस बादलीत पाय सोडून बसलाय, तोवर बाहेर धडाधड विकेटा पडतायत आणि कप्तान दारातून ओरडतोय, "मिस्त्री, पॅड बांध!" की हा ओल्या पायांवर मोजे चढवायला लागला. खेळावरच पोट होतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? बॅट्समन म्हणायचे, हा तर बोलर. बोलर म्हणायचे, छे, हा बॅट्समन. पेपरवाले 'उपयुक्त' असं छापायचे. झाडूलाही कुणी उपयुक्तच म्हणतं. तर असा हा माणूस आता पाय घट्ट रोवून बसला होता, आणि वायरमन त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होता. "बघा बुवा, काही पडलं डोक्यावर तर मला बोलायचं नाही," असं म्हणत त्याने शिडीचे दोन पाय मिस्त्रीच्या दोन बाजूंना टेकवले आणि चढला. वरून जुन्या पट्टीतली धूळ, मेलेल्या चिलटांसकट, मिस्त्रीच्या टकलावर पडली. त्याने ती झटकलीसुद्धा नाही.

ट्यूब लागली, शिडी गेली, मिस्त्री बसून राहिला. खुर्ची कोपऱ्यातली होती, रेक्झिन फाटलेलं, आतला पिवळा स्पंज येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बोटांनी उकरून काढलेला. सकाळी बायकोला आत नेलं तेव्हा तो याच खुर्चीवर होता. म्हणजे तिच्याबरोबर दारापर्यंत जावं म्हणून तो उठायला लागला होता. तर ट्रॉलीवर आडव्या पडलेल्या बायकोने चादरीतून हात बाहेर काढला आणि तळवा खाली दाबून खूण केली, बसा. त्याला वाटलं, गुडघ्यांची काळजी. सगळ्या जगाला त्याच्या गुडघ्यांची काळजी होती, एक कप्तान सोडला तर. तो बसला, आणि ते पांढरं दार पुढे-मागे दोनदा हलून बंद झालं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढून सांगितलं होतं. गाठ आहे. किती पसरलीय ते उघडल्याशिवाय कळणार नाही. "निघण्यासारखी असली तर आम्हाला खूप वेळ लागेल. नसली तर शिवून लगेच बाहेर येऊ. तेव्हा काका, उशीर झाला तर घाबरू नका. लवकर आलो तर..." आणि पुढचं न बोलता ते पेनाचं टोपण लावत बसले. बायकोने शांतपणे विचारलं, "म्हणजे उशीर झालेला बरा, असंच ना?" डॉक्टर म्हणाले, "हो काकू, उशीर झालेला बरा." म्हणजे खेळून काढायचं होतं. नुसतं टिकायचं. हे दुसऱ्या कुणाला समजावून सांगावं लागलं असतं. अर्धं आयुष्य पडलेले डाव उचलण्यात घालवलेल्या माणसाला ते चटकन कळलं.

बाहेरच्यांना हे खूळ वाटेल. खूळच आहे ते, कुणी नाही म्हटलंय? पण ड्रेसिंग रूममध्ये असा रिवाजच होता की मैदानावर जोडी जमली की आतल्या माणसांनी जागेवरून हलायचं नाही. ज्याचे पाय टेबलावर त्याचे टेबलावर, जो भिंतीला टेकून उभा तो उभा. अर्धा चहा हातात असला तर तो थंड होईपर्यंत हातातच. एखादा नवखा उठून पाणी प्यायला गेला आणि तेवढ्यात विकेट पडली, तर मग त्याची धडगत नव्हती. खेळणारा आपल्याच चुकीने आउट झालेला असायचा, पण महिनाभर बोलणी पाणी पिणाऱ्याला. लग्न नवीन असताना मिस्त्रीने हे सगळं बायकोला हसत हसत सांगितलं होतं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "मोठमोठे बाप्ये आणि हा काय पोरकटपणा!" तिला त्याच्या खेळात गोडी नव्हती ती नव्हतीच. लग्नानंतर एकदाच मैदानावर आली, पिवळी छत्री घेऊन. मिस्त्रीने आत जाताना ती छत्री हेरून ठेवली होती, तिकडेच बॉल मारायचा असं मनाशी ठरवलं होतं, आणि पहिल्याच बॉलला त्रिफळा उडाला. परत फिरताना पाहिलं तर छत्री मिटलेली. त्यानंतर ती कधी आली नाही. कंटाळली असणार, दुसरं काय. "जिंकलात का?" एवढं विचारायची आणि पान वाढायची. शेवटची मॅच खेळून, किटबॅग खांद्यावरून उतरवून तो दारात उभा राहिला, काहीतरी मोठं बोलावं असं वाटत होतं, तर तिने बॅग उचलून कपाटावर टाकली आणि विचारलं, "मग आता दुपारी घरी जेवणार का?" ते वाक्य मिस्त्रीला कितीतरी दिवस खुपत राहिलं होतं. आज त्याला वाटलं, तिने आत्ता ते दार ढकलून बाहेर यावं आणि पुन्हा तेच विचारावं.

त्याच्या खेळातला एकच दिवस लोकांच्या लक्षात राहिला, आणि तोही जिंकण्याचा नव्हे. आदल्या दिवशी दिवसभर बोलिंग टाकून खांदा असा धरलेला की भांग पाडायलाही हात वर जाईना. शेवटचा दिवस, जेवणानंतर सगळे एकेक करून परतले, आणि मिस्त्रीच्या सोबतीला उरला तो बांबू. बांबू म्हणजे त्यांचा लांबलचक फास्ट बोलर. बॅट धरायचा ती छत्री धरावी तशी, पाऊस आला तर उपयोगी पडेल या बेताने. हरणार हे धरून प्रेक्षक उठायला लागले होते. मिस्त्री त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, "काही करू नकोस. नुसता उभा राहा." बांबू म्हणाला, "मला तेवढंच येतं." आणि उभा राहिला की बेटा! जवसाच्या तेलाचा बॅटला येणारा तो वास, ग्लोव्हजच्या आत घामाने लिबलिबीत झालेले तळवे, गुडघ्यामागे काचणारा पॅडचा पट्टा, आणि प्रत्येक ओव्हरनंतर मधोमध भेटून बांबूचं तेच ते, "मिस्त्री, अजून किती?" सावल्या लांबत गेल्या, अंपायरने बेल्स उचलल्या, मॅच अनिर्णित. तो आत आला तर दाराशीच हास्याचा गदारोळ. त्यांचा बारावा गडी, लाजरा पोरगा, नेमका बांबू मैदानात उतरला तेव्हा संडासात गेला होता. तो बाहेर यायला लागला तर कप्तानने जागेवरूनच आरोळी ठोकली, "खबरदार बाहेर आलास तर!" आणि सबंध दुपार ते पोर तिथेच बसून होतं. मधूनमधून आतून क्षीण आवाज यायचा, "आउट झाले का?" आणि सगळे एका सुरात ओरडायचे, "नाही!" मिस्त्रीला उचलून घेतलं त्याआधी त्यांनी त्या पोराला उचलून घेतलं. कप्तान म्हणाला, "तू काय केलंस, नुसता खेळलास. खरी मॅच त्याने वाचवली!"

एवढं सगळं पोटात घेऊन तो घरी आला होता. वाटेत रेडिओवाल्याच्या दुकानापाशी लोकांनी हात हातात घेतले. कधी एकदा बायकोला सांगतो असं झालं होतं. घरात पाऊल टाकलं तर जळक्या दुधाचा भपकारा. बायको पाठमोरी बसून पातेलं घासत होती, आणि पोरगी कोपऱ्यात रडून सुजलेल्या डोळ्यांनी. "एवढं कुठे लक्ष होतं?" त्याने विचारलं. "नव्हतं लक्ष," ती म्हणाली, वर न बघता. म्हणजे डुलकी लागली असणार, नाहीतर शेजारणीकडे गप्पा. मिस्त्री मुकाट्याने हातपाय धुऊन जेवला. ते पातेलं अजून घरात होतं, बुडाशी काळा डाग घेऊन. परवा बायकोने दवाखान्याची पिशवी भरताना त्याला बजावलं, "दूध त्यातच तापवा. त्याला सवय आहे." तो हसला नव्हता तेव्हा. आता ते आठवून नाकाच्या शेंड्याशी काहीतरी झोंबलं, आणि त्याने वर नव्या ट्यूबकडे पाहिलं. ती जरा जास्तच उजेड देत होती.

पांढरं दार उघडलं. हिरव्या कपड्यातला कुणी बाहेर आला, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि खुर्च्यांवरून नजर फिरवली. मिस्त्रीची पाचावर धारण बसली. फार लवकर होतं. एवढ्यात नाही, एवढ्यात नको, तो मनात म्हणत होता, आणि पायांची बोटं चपलांत आवळली गेली, जशी बॉल हवेत उंच चढला आणि आपण खाली एकटे उभे असलो की आवळतात. त्या माणसाने भलतंच नाव पुकारलं. लांबच्या खुर्चीवरची एक बाई पदर सावरत धावली. मिस्त्रीच्या जिवात जीव आला आणि लगोलग लाज वाटली, कारण त्या बाईसाठी त्याच्या मनात तेवढ्या क्षणात जागाच नव्हती. आता आणखी एक पंचाईत उभी राहिली होती. सकाळचा चहा. या वयात चहा काही फार काळ धीर धरत नाही. शेवटचं दार समोर दिसत होतं, त्यावर पुरुषाचं निळं चित्र. त्याने पायांवर पाय टाकला, काढला, पुन्हा टाकला. त्या लाजऱ्या पोराची निदान जागा तरी सोयीची होती, असं त्याच्या मनात आलं, आणि एकटाच फिसकन हसला. समोरून जाणाऱ्या नर्सने चमकून पाहिलं.

मुलगी आली तेव्हा दुपार चढली होती. दुसऱ्या गावी असते, वकिली करते, पहिली बस धरून निघाली होती आणि वाटेत बस बंद पडली होती. बॅग खांद्याला, केस विसकटलेले, आल्या आल्या उलटतपासणी.

"काही कळलं?"

"नाही. कळलं नाही तेच बरं."

"खाल्लंत का काही?"

"नाही."

"चला, खाली कॅन्टीन आहे. मी थांबते इथे."

"मी उठत नाही."

"बाबा, तोंड बघा तुमचं! आणि डोक्यावर हे काय पांढरं पडलंय?"

"ट्यूब बदलली."

"तुमच्या डोक्यावर?"

मिस्त्रीने खाली फरशीकडे पाहिलं. एवढी शिकलेली पोरगी, कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारी. तिच्यासमोर म्हाताऱ्या बापाने हे असलं बोलायचं म्हणजे जीभ रेटेना. पण खोटं बोलायची ताकदही उरली नव्हती. "जोडी जमलीय," तो पुटपुटला. "तुझी आई आत गेली तेव्हा मी इथे होतो. उठायचं नाही आता." आणि बोलणी खायला मान खाली घालून तयार झाला.

मुलगी हसली नाही. रागावलीही नाही. तिने बॅग होती तिथेच फरशीवर ठेवली. "अगदी याच खुर्चीवर होतात?"

"हो."

"मधे कुठे गेला नाहीत?"

"नाही."

"मग उठू नका." ती इकडेतिकडे बघत उभी राहिली. "आणि मी? मी बसू की उभीच राहू?"

"तू बस. तू जोडी जमल्यावर आलीस, तुझं चालतं."

"आईला नाही चालायचं. नंतर आलेल्यालासुद्धा ती हलू द्यायची नाही."

"कुठली आई?"

"मला किती आया आहेत, बाबा?"

ती शेजारच्या खुर्चीच्या कडेवर बसली, हातातला रुमाल पिळत, आणि कोर्टात बोलते तसं नाही, लहानपणी शाळेतलं सांगायची तसं सांगायला लागली. "तुम्ही आणि बांबूकाका खेळत होतात ना, त्या दिवशी माझ्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. आई माझ्या वेण्या घालत होती. एक घालून झाली, दुसरी तिच्या मुठीत, आणि रेडिओवर सांगितलं की शेवटची जोडी आली. तिचा हात थांबला. म्हणाली, 'हलू नकोस. बाबा खेळतायत.' गॅसवर दूध होतं. ते वर आलं, उतू गेलं, खाली जळलं, धूर झाला, शेजारची वहिनी दार ठोकून गेली. आई जागची हलली नाही. मी रडायला लागले तर दुसऱ्या हाताने माझं तोंड दाबलं. वेणीचा हात काही सोडला नाही. वाढदिवस संपला, उजेड गेला, आणि मॅच संपली तेव्हा तिची मूठ उघडेना. मी माझ्या हातांनी तिची बोटं सोडवली."

"पण मला कधी..."

"सांगितलं की गुण जातो म्हणे! शपथ घातली होती मला. आणि ते काय एकदाच होतं? तुम्ही खेळायला उतरलात की आमच्या घरात पुतळे बसायचे. एकदा तर पीठ मळता मळता बसून राहिली, हात सुकून पांढरे झाले."

"मग मैदानावर परत का नाही आली कधी?"

"एकदा आली होती ना. आणि तुम्ही पहिल्याच बॉलला गेलात. घरी येऊन ती छत्री तिने कामवालीला देऊन टाकली."

इतकी वर्षं मिस्त्रीने एक दिवस मनात जपून ठेवला होता, आणि त्या दिवसाला आणखी एक बाजू होती हे त्याला माहीतच नव्हतं. तिथे तो बांबूला म्हणत होता, नुसता उभा राहा. आणि इकडे धुराने भरलेल्या घरात ही बाई पोरीची वेणी मुठीत धरून बसली होती. तो जेवताना गप्प राहिला. ती वाढताना गप्प राहिली. तो रागावून, आणि ती सांगितलं तर गुण जाईल म्हणून. त्या आखडलेल्या मुठीने पातेलं कसं घासलं असेल तिने? आणि मग त्याला सकाळचा हात दिसला, चादरीतून बाहेर आलेला, सलाइनची सुई टोचलेला, तळवा खाली दाबणारा. गुडघ्यांची काळजी! कसली गुडघ्यांची काळजी. आत जाता जाता ती त्याला जागा लावून गेली होती. मिस्त्रीने खुर्चीच्या फाटक्या रेक्झिनमध्ये बोटं रुतवली आणि रडला, अगदी आवाज होईल असा, आणि मुलीने पाठीवर हात ठेवला. समोरचं निळं चित्र, चहा, गुडघे, काही आठवलं नाही मग. दुपार कलली. वायरमन शिडी घेऊन परत गेला, जाताना म्हणाला, "अजून इथेच का?" तर मुलगीच ओरडली, "हो, इथेच!"

डॉक्टर आले ते टोपी काढत, घामाने कपाळ ओलं. मिस्त्रीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. अंपायरच्या बोटाकडे बघायचं त्याला आजवर कधी जमलं नव्हतं. "निघाली," डॉक्टर म्हणाले. "चिवट होती, आमचा जीव काढला तिने. पण सगळी निघाली." मुलगी खुर्चीवरून उडालीच. मिस्त्री उठला नाही. त्याने विचारलं, "शुद्धीवर आली?" डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू." "मग येऊ दे," मिस्त्री म्हणाला, आणि डॉक्टर मुलीकडे बघायला लागले.

बऱ्याच वेळाने नर्स आली. "शुद्धीवर येतायत. एकालाच सोडते आत, आणि फक्त पाच मिनिटं." आता मात्र उठणं भाग होतं. त्याने उठायचा प्रयत्न केला तर पाय कमरेखाली होते की नाही कळेना. मुलीने काखेत हात घालून उभं केलं. आणि उभा राहताच त्याने मागे वळून तिला दटावलं, "बघतेस काय? बस तिथे! रिकामी नको राहायला." एवढी वकीलबाई, एका शब्दाने उलट बोलली नाही. पटकन त्या फाटक्या खुर्चीवर बसली, पाय जोडून, हात मांडीवर ठेवून. मिस्त्री आधी त्या निळ्या चित्राच्या दाराकडे जाऊन आला, कारण त्याला इलाज नव्हता, आणि मग नर्सच्या मागोमाग आत गेला.

आत गारठा होता. बायको एवढीशी दिसत होती, ओठ कोरडे, नळ्या लावलेल्या, केसांवर हिरवी टोपी. त्याने तिच्या बोटांना हात लावला. तीच बोटं. तिने डोळे किलकिले केले, त्याला ओळखायला थोडा वेळ घेतला, आणि ओळख पटली तशी कपाळाला आठी पडली.

"उठलात कशाला?" ती कशीबशी म्हणाली.

"जागा रिकामी नाही," मिस्त्री तिच्या कानाशी वाकून म्हणाला. "पोरगी बसलीय तिथे."

तिने यावर विचार केला. मग डोळे मिटले.

"हलू नको म्हणावं तिला," ती म्हणाली.